वाहतूक पोलिसाला कायदा कसा शिकवावा

गाडी नो-पार्किंगमध्ये कुणीही लावतो. खरं कसब लागतं ते टोइंगवाले आल्यावर. अशा वेळी तुमची अब्रू शाबूत राहावी म्हणून या पाच सूचना.

आधी चारही इंडिकेटर लावा. ते लुकलुकायला लागले की नो-पार्किंगचं आपोआप पार्किंग होतं.

जमल्यास मागच्या सीटवर आजीला बसवून जा. आत माणूस असला की गाडी उचलायला टोइंगवाले कचरतात. आजीला उकडेल, पण घरच्यांसाठी माणूस एवढं करतोच.

हवालदार दिसताच मोबाइल काढा, रेकॉर्डिंग चालू करा, बकल नंबर विचारा. मग दरडावून 'कुठल्या कलमाखाली?' उत्तर ऐकत बसायची गरज नाही.

आता ब्रह्मास्त्र. मोटार वाहन कायदा 1988, कलम 127. गाडीला 10 तास झाल्याशिवाय कुणी हात लावू शकत नाही! व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय म्हणजे खरंच असणार. परवा आमच्या सोसायटीच्या फाटकाला आडवी गाडी लावून गेलेल्या एका गृहस्थांनी हेच काढलं. आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर, वॉचमन शिट्टी फुंकून दमलेला. मी काचेला नाक लावून फोन नंबर शोधतोय, तर डॅशबोर्डवर नुसता मान हलवणारा कुत्रा. पोलीस जॅमर लावायला वाकला तसे गृहस्थ प्रकटले. "10 तास झाले का? नाही ना? मग हात लावायचा नाही." कलम पाठ होतं त्यांचं, पण अर्धंच. 10 तास आहेत ते बेवारस सोडलेल्या गाडीसाठी. त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की पार्किंगला मनाई असलेल्या जागी गाडी उभी असेल, तर त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. तिथे घड्याळ बघायचा प्रश्नच येत नाही. मग म्हणे, "बोर्ड कुठाय?" अहो, दुसऱ्याच्या फाटकाला आडवी गाडी लावू नये, याला बोर्ड लागतो? रहदारीला अडथळा होईल अशी गाडी उभी करायची नाही, हे कलम 122 सांगतंच. तेवढं बरं व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही!

(टोइंगच्या गाडीवर गणवेशातला पोलीसच नसेल, नुसती पोरंच धडाधड स्कूटर उचलत असतील, तर जरूर भांडा. मीही येतो.)

हे सगळं फसलं तर 'साहेबांशी बोला' म्हणत फोन पुढे करा. साहेब कोण, ते सांगायची पद्धत नाही.

पण खरं सांगू? वीट आलाय या रस्त्यावरच्या वकिलीचा. कलम 177 खाली दंड पहिल्यांदा 500 रुपयांपर्यंत, पुन्हा केलंत तर 1500 पर्यंत. तेवढ्यासाठी लाखांच्या गाडीचा मालक भर उन्हात हवालदाराशी अर्धा तास हुज्जत घालतो आणि मागे अख्खा रस्ता हॉर्न मारत उभा. पोलिसाचे अधिकार तोंडपाठ, मग गाडी लावताना ही अक्कल कुठे जाते? खात्यात चिरीमिरी चालते, माहीत आहे आम्हालाही. म्हणून दुसऱ्याचं दार अडवायचा परवाना मिळतो का तुम्हाला? उचलून नेण्याचा खर्चही मालकानेच द्यायचा, हेही त्याच 127 मध्ये आहे. तेही पाठ करा. आणि लाज वाटत नसेल तर निदान काचेवर फोन नंबर तरी लावून जात जा.