घाटाला एकच उतार

"सह्याद्री हा डोंगरच नव्हे," असं नितीन सर म्हणाले आणि बाळूनं चहाचा ग्लास कठड्यावर आपटला.

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या चहाच्या गाड्यापाशी पावसाळ्यात पाच-सहा जण पत्र्याखाली कोंबून उभे असतात. बोलणं पिकांवरून सुरू होतं आणि कुठंही जातं. त्या दिवशी कणकुंबीचे अण्णा आले होते, तिकडं रोप लावून झालं होतं म्हणून जरा सवडीत. नितीन हायस्कुलात भूगोल शिकवतो, म्हणून तो आमचा 'सर'. बाळूनं निम्मं आयुष्य पणजीच्या रस्त्यावर गाडी हाकण्यात घालवलंय.

"गोव्यातनं चोर्ला घाटात वर येताना दुसऱ्या गिअरमध्ये घाम निघतो, आणि हा डोंगर नव्हे म्हणायलाय!"

"येताना. मी जातानाचं विचारतोय. बेळगावातून निघालास, जांबोटी मागं टाकलीस. कणकुंबीपर्यंत चढ कुठं लागला?"

बाळू गप्प. जांबोटीकडं थोडं वर-खाली आहे, पण घाट चढतोय असं काही वाटत नाही, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, कणकुंबी आठशेच्या आसपास. फरक तो एवढाच. मग चोर्ला येतो आणि रस्ता एकदम खाली कोसळतो, तो गोव्यातल्या साखळीपर्यंत.

"डोंगराला दोन उतार पाहिजेत की नकोत? ह्याला एकच. म्हणजे हा पठाराचा तुटका काठ आहे. गोव्यातनं बघणाऱ्याला तो डोंगर दिसतो."

मी म्हटलं, शाळेत तर शिकवलं होतं की दोन भूपट्ट धडकले की डोंगर वर येतो. सर म्हणाले, ते हिमालयाचं. भारताचा पट्ट आशियावर धडकला त्याला साधारण पाच कोटी वर्षं झाली, आणि रेटा अजून चालूच आहे, वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास. आमच्याकडं घडलं ते उलटं. इथं धडक झाली नाही, इथं फाटलं. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्या पश्चिम अंगापासून सुटलं, नंतर सेशेल्स सुटलं. सेशेल्स सुटण्याच्या थोडं आधी, साडेसहा कोटी वर्षांमागं, जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचत गेले. अण्णांच्या विहिरीत सुरुंग लावूनही दाद न देणारा काळा दगड तोच. त्या लाव्ह्याची दक्षिणेकडची हद्द आपल्याच जिल्ह्यात संपते. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो त्याच्या खालचा, कितीतरी जुना वालुकाश्म.

"फाटलं तर फाटलं, पण काठ वर कसा आला?" हे बाळूचं, आणि प्रश्न बरोबर होता.

सरांनी भाकरी घेतली. म्हणजे बोलण्यात. तव्यावरची भाकरी फाटली की फाटीची कड वर वळते, तसं. अण्णा म्हणाले, "भाकरी थंड झाली की खाली बसते की रे." सर जरा अडकले. मग म्हणाले, बरं, होडी घ्या. होडीतलं ओझं काढलं की ती पाण्यात वर येते. पृथ्वीच्या कवचाचंही तसंच, ते खालच्या मऊ, गरम खडकावर तरंगतंय. किनाऱ्याकडची जमीन पावसानं झिजून समुद्रात गेली, भार हलका झाला आणि काठ उचलला. हे उचलणं नेमकं कधी आणि किती, ह्यावर भूगर्भवाल्यांतच भांडण आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं. मला सरांचं हे आवडतं. बाळूला नाही आवडत. त्याला उत्तर रोख पाहिजे.

"मग किल्लारी? हिमालय कुठं, किल्लारी कुठं? ज्या रात्री लोक गणपती बुडवून झोपले..."

30 सप्टेंबर 1993 ची, भूकंपाची पहाट आमच्यातल्या कुणालाच समजावून सांगावी लागत नाही. सर हळू आवाजात म्हणाले, पट्ट पुढं अडलाय आणि मागनं रेटा येतोय, मग ताण सगळ्या अंगात साठतो. पोटात जुनी भेग असेल तिथं ती सरकते. पट्टाच्या मध्यावर असलं म्हणून कुणी सुटत नाही.

कुणीतरी आणखी एक फेरी चहा सांगितला. चहावाला कन्नडात "हौद री" म्हणाला, म्हणजे होय जी.

अण्णा इतका वेळ पावसाकडं बघत होते. "आमच्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगवते. तिथनं समुद्र सरळ रेषेत साठ किलोमीटरही नाही. पण ती जाते पूर्वेला. कूडलसंगमाला कृष्णेला मिळायची, मग पार बंगालच्या उपसागरात. लहानपणी वाटायचं, नदीला वाट चुकली."

"वाट नाही चुकली. काठ उचललेला, पठार पूर्वेकडं कललेलं. पाणी काय करणार?"

"आणि म्हादई? ती आमच्याच रानातनं निघून गोव्यात उतरते."

इथं सरांचा आवाज चढला. म्हादईला थोड्या अंतरात शेकडो मीटर उतरायचंय, म्हणून तिला धार. असे ओढे उगमाकडंच कातरत येतात, मागं-मागं. कड्याची कपार अशीच पूर्वेकडं सरकत आलीय. कडा पूर्वी किनाऱ्याच्या बराच जवळ होता, झिजत-झिजत चोर्ल्यापर्यंत आला.

अण्णा हसले. "आमच्यात म्हणतात परशुरामानं बाण मारून समुद्र मागं सारला. तुझं शास्त्र म्हणायलंय, डोंगरच मागं हटला."

ह्याला सरांकडं उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते ते नकोच होतं.

बाळूच्या डोक्यात मात्र भलतंच चक्र सुरू झालेलं. "थांब, थांब. म्हणजे म्हादई कातरत-कातरत एक दिवस मलप्रभेचा उगम गाठणार?"

"वरचे ओढे तरी ओढून घेईल. नद्या असं करतात."

"आणि आपण कळसा-भांडुरा ओढ्यांचं पाणी म्हादईतनं मलप्रभेत वळवायला किती वर्षं भांडायलोय? 2018 ला लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं, त्यातलं इकडं वळवायला 3.9, तरी भांडण संपेना. आणि नदी उलटं मलप्रभेचंच पाणी गोव्याला नेणार!"

"व्हय."

"किती दिवसांत?"

"दिवसांत नव्हे रे. लाखो वर्षं."

बाळूनं ग्लास रिकामा केला, पत्र्यावरून पडणाऱ्या धारेखाली विसळला आणि म्हणाला, "मग तोवर नळाला तरी येऊ दे. आमच्या गल्लीत आठ दिवस झाले, थेंब नाही."