खोगीरभरती

जुन्या खोगिरात हाताला लागतील त्या चिंध्या कोंबायचे, म्हणून बिनकामाच्या भरण्याला खोगीरभरती म्हणायची पद्धत पडली. ट्री सॅडल, म्हणजे झाडावर लटकून शिकारीसाठी दबा धरायची झोळी, तिच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. खोगीर आहे, भरती आहे, फक्त घोडा नाही. घोड्याच्या जागी ओकचं झाड आहे आणि ते उधळत नाही, एवढीच काय ती सोय.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांनी बाळाची झोळी डोळ्यांपुढे आणावी आणि बाळाचं वजन ऐंशी किलो धरावं. बुडाखाली जाळीदार कापडाचा रुंद पट्टा, कमरेला एक पट्टा, मांड्यांना दोन. दोन्ही कुल्ल्यांपाशी एकेक भक्कम कडी, नवारीसारख्या जाड पट्टीची शिवलेली. या दोन कड्यांना जोडणारा दोर म्हणजे ब्रिज. ब्रिजमध्ये कॅराबिनर, म्हणजे उघडझाप करणारा धातूचा आकडा, कॅराबिनर प्रुसिक गाठीत (ही गाठ मोकळी असली की सरकते, भार आला की चावते), प्रुसिक गाठ टेदर नावाच्या दोरावर, टेदर बुंध्याला आवळलेला. पायाखाली देवघरातल्या पाटापेक्षा थोडा मोठा प्लॅटफॉर्म. मचाणावर माणूस झाडाला पाठ टेकून संस्थानिकासारखा बसतो. सॅडलमध्ये झाडाकडे तोंड करून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. फरक इतकाच की या पोराने पैसे देऊन शिक्षा विकत घेतलेली असते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला, आणि बरं झालं मिटला. इथे गोष्ट मिशिगनची आहे. तिथे 1 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर धनुष्यबाणाचा हंगाम असतो, पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा. जॉन एबरहार्ट हे तिथले नावाजलेले धनुर्धारी 1980 च्या दशकापासून असे लटकत आले आहेत. बाकीच्यांना ही अक्कल गेल्या काही वर्षांत आली. सरकारी जंगलात झाडाला स्क्रूच्या पायऱ्या ठोकायला बंदी आहे, त्यामुळे पट्ट्याने आवळायच्या स्टिक, म्हणजे पाय ठेवायच्या सुट्या शिड्या, घेऊन चढायचं आणि उतरताना सगळं काढून आणायचं. पाठीवरून दोन-तीन किलोमीटर न्यायचं असेल तर जड खुर्चीपेक्षा झोळी बरी, हा हिशोब कोणालाही पटतो. पहिला अर्धा तास.

त्यानंतर चिमटा सुरू होतो. कमरेच्या दोन्ही बाजूंनी कोणीतरी पक्कड लावून आवळतंय असं वाटतं. इंग्रजीत याला हिप पिंच म्हणतात, म्हणजे अगदीच सौम्य नाव. आणि डेट्रॉईटच्या आसपास मोटारींच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्या मराठी इंजिनिअरला कुठे काही बोचलं की एकच उपाय सुचतो: स्पंज आणून आत कोंबायचा. खोगीरभरती! माझं ठाम मत आहे की दहातल्या आठ सॅडलांना सुईदोरा लावायचीच गरज नसते. दुखणं कापडात नसतं, दोराच्या लांबीत असतं.

हिशोब अकरावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. दोन कड्यांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर धरा. शरीराचा काही भार पायांवर जातो, उरलेला 60 किलोचा ताण ब्रिजवर येतो असं माना. ब्रिजची एकूण लांबी 50 सेंटिमीटर असेल, तर त्याच्या दोन भुजा इतक्या फाकतात की प्रत्येक कुल्ल्याला आत दाबणारा जोर 40 किलो भरतो. ब्रिज 70 सेंटिमीटर केला की तोच जोर 21 किलोवर येतो. 90 केला की 15. म्हणजे पहिल्या वीस सेंटिमीटरनी एकोणीस किलोंचा चिमटा सोडवला आणि पुढच्या वीसने जेमतेम सहांचा. लांब ब्रिज चांगला म्हणून मीटरभराचा करणाऱ्यांनी हे आकडे हातावर गोंदवून घ्यावेत. कारण ब्रिज लांबला की कॅराबिनर नाकासमोर येतो, धनुष्य ओढताना त्याचं खालचं टोक ब्रिजवर आपटतं, आणि उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडच्या हरणासाठी वळायचं झालं तर दोर छातीला आडवा येतो. साधारण 70 ते 80 मध्ये बहुतेकांचं भागतं.

पण ही लांबी आधी सापडायला हवी, त्यासाठी ब्रिज कमीजास्त करता यायला हवा. तुमच्या सॅडलसाठी कंपनीचाच तसा ब्रिज मिळत असेल तर मुकाट्याने तो घ्या. नसेल, आणि गाठींचा हात बसलेला असेल, तर रचना सोपी आहे. गिर्यारोहणाच्या दुकानातला, ताकद छापलेला, न ताणला जाणारा 10 किंवा 11 मिलिमीटरचा दोर दोन मीटर. एक टोक डाव्या कडीला स्कॅफोल्ड गाठीने, म्हणजे ओढलं की आवळणाऱ्या फासाने, शेपूट किमान 15 सेंटिमीटर. उजव्या कडीला 8 मिलिमीटर दोरीचा फास, आणि त्याची तीन वेढ्यांची प्रुसिक गाठ मुख्य दोरावर. दोराच्या मोकळ्या टोकाला जाडजूड अडगाठ, म्हणजे प्रुसिक घसरलीच तर तिथे अडेल. ही अडगाठ ‘नंतर मारू’ म्हणणाऱ्याने झाडावर चढण्यापेक्षा कॅरम खेळावा.

प्रुसिकची दोरी मुख्य दोराहून बारीकच हवी, कारण ती बारीक असते म्हणूनच चावते. अकरावर अकराची गाठ पकडत नाही, अकरावर पाचची इतकी पकडते की गारठलेल्या बोटांनी सुटत नाही. दुसरी चूक म्हणजे डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याचा दोर. हलका, पोलादाला लाजवणारा, दिसायला देखणा. त्यामुळे सगळ्यांना त्याचा मोह. पण तो साबणासारखा निसरडा असतो. साधी प्रुसिक त्यावर घसरू शकते, आणि गाठ मारली तर गाठीपाशी त्याची ताकद फार घटते. त्याचं टोक गाठ न मारता दोराच्याच पोटात परत ओवायचं असतं, आणि तेही जाडीच्या सुमारे 72 पट लांबीपर्यंत. 6 मिलिमीटर दोराला 43 सेंटिमीटर. शिवाय तो 150 अंशांच्या आतबाहेर वितळतो, तेव्हा शेजारच्या पट्टीचं टोक लायटरने बंद करताना ज्योत कुठे लागतेय ते पाहा.

ब्रिज लागला की टेदर. प्लॅटफॉर्मवर सरळ उभं राहून तो डोळ्यांच्या उंचीवर बांधायचा, मग पाच-पाच सेंटिमीटरनी वरखाली. खाली घेतला की भार पायांवर येतो आणि तळवे बोंबलतात. वर घेतला की भार बुडावर. तासाभराने तळव्यांची तक्रार आली की थोडा वर, बुडाची आली की थोडा खाली. सासू-सून दोघींना सांभाळणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एक मात्र कधीही करायचं नाही: टेदरवरची प्रुसिक ढिली सोडून प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं नाही. हा दोर ताणत नाही. अर्धा मीटर ढील असताना पाय निसटला तर तो सगळा हिसका कंबर आणि शिवणीवर येतो. प्रुसिक नेहमी इतकी वर की दोर हलका तणावात राहील.

आता फिटिंग. सॅडल घेताना लोक ऑगस्टमध्ये टी-शर्टवर कंबर मोजतात आणि नोव्हेंबरात आतला गरम लेंगा, त्यावर लोकर, त्यावर फुगीर जाकीट असा थाट करून झाडावर जातात. टेप त्या सगळ्या थाटावरून फिरवावा. चालताना आणि चढताना कमरेचा पट्टा हाडाच्या वर घट्ट. लटकल्यावर दोन बोटं जातील इतका सैल. इथे निम्म्या लोकांची गाडी अडते. पट्टा घट्टच राहिला तर झोळी कलत नाही, तिची वरची कड माकडहाडाच्या वर रुतते आणि माणूस म्हणतो, “स्पंज कमी पडतोय.” झोळीची खालची कड दोन्ही हातांनी ओढून बुडाच्या खाली, मांडी सुरू होते तिथवर आणायची. मांडीचे पट्टे उभं असताना तळहात सरकेल इतके सैल. त्यांच्यावर बसायचं नसतं, पण ते सोडायचेही नसतात. शरीर झोळीतून निसटू नये म्हणून ते आहेत, आणि त्यांची किंमत आयुष्यात एकदाच कळते. मांडीचा पट्टा झोळीच्या मागच्या बाजूला एका बारीक इलॅस्टिकने अडकवला तर चालताना गुडघ्यापर्यंत घरंगळत नाही. पन्नास सेंटचं काम, आणि मी पाहिलेल्या सुधारणांमध्ये सगळ्यात कामाचं.

एवढं करूनही बोचलं, तर मग भरती. बंद पेशींचा फोम घ्यायचा, ट्रेकिंगला जमिनीवर अंथरायच्या चटईचा, 6 ते 8 मिलिमीटर जाड. सोफ्यातला स्पंज घ्याल तर तो दव पितो, पहाटे गोठतो, आणि तुम्ही बर्फाच्या लादीवर बसल्याचं पुण्य मिळवता. फोमचा तुकडा दोन्ही कड्यांच्या चार बोटं अलीकडे संपला पाहिजे. कडीखाली गेला तर झोळी तिथे जाड होते आणि चिमटा वाढतो. तो चिकटवायचा नाही. बऱ्याचशा गोंदांतलं द्रावण कृत्रिम धाग्याला काय करेल हे डब्यावर लिहिलेलं नसतं. पातळ कापडाची पिशवी शिवून, त्यात फोम घालून, ती झोळीच्या आतल्या बाजूला इलॅस्टिकने अडकवायची. धुवायला निघते आणि पटलं नाही तर कचऱ्यात जाते. बहुतेकांची जातेच.

शिवणाचा नियम एका ओळीचा आहे: ज्या पट्टीवर तुमचा जीव टांगलाय तिला सुई लावायची नाही. ना कड्यांना, ना कमरेच्या मुख्य पट्ट्याला, ना जिथे दाट आडव्या टाक्यांच्या ठाशीव शिवणी दिसतात तिथे. घरच्या मशीनची जाड सुई नवारीत घुसली की धागे बाजूला सारते, काही तोडतेही, आणि तुटलेले धागे बाहेरून दिसत नाहीत. पिशव्यांचे फासे, इलॅस्टिकच्या कड्या, जाळीच्या मोकळ्या कडेवरची पट्टी, एवढंच आपलं कार्यक्षेत्र. दोरा पॉलिएस्टरचा, सुती नाही, सुती कुजतो. कंपनीची हमी मात्र पहिल्या टाक्यालाच संपली असं समजा.

गुडघ्यांची वेगळी कथा आहे. बसलेल्या अवस्थेत ते बुंध्याला टेकतात, आणि शॅगबार्क हिकरीच्या सालीची फळकुटं एकेक करून करकरत निघतात. फरशी बसवणारे घालतात ते गुडघ्यांचे पॅड चालतात, पण कडक प्लॅस्टिकचा दर्शनी भाग काढून. तो सालीवर घासला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. पाइनच्या झाडाला टेकलात तर चीक पुढच्या हंगामापर्यंत सोबत करतो. पाठीसाठी हातभर रुंद पट्टा खांद्याच्या फऱ्यांखालून घेऊन कॅराबिनरला अडकवतात. तो चैनीचा खरा, पण तीन तासांच्या पुढे बसणाऱ्याने लाजू नये.

आवाजाबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. थंड, वारा पडलेल्या सकाळी कॅराबिनर धातूच्या बकलवर एकदा टिचकला, तर कान टवकारलेलं हरीण दिसण्याआधीच गेलेलं असतं. कॅराबिनरच्या कण्यावर कापडी टेप गुंडाळता येतो, पण उघडझाप करणाऱ्या दारावर आणि त्याच्या कुलपावर नाही. दोरावर तर मुळीच नाही, कारण टेपखाली दोर झिजतोय का ते दिसत नाही. वेल्क्रोची पिशवी असेल तर ती आजच उसवा. शांत जंगलात वेल्क्रो उघडणं म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना कुरकुऱ्यांची पिशवी फोडणं. चुंबकाचं झाकण किंवा नुसती नाडी बरी. डासांच्या फवाऱ्यातलं डीट काही प्लॅस्टिकं मऊ करतं, म्हणून तो बकलांवर उडवू नये, हातावर घेऊन चोळावा आणि हात पुसूनच बकल धरावं.

आणि हे सगळं सहा मीटरवर जाऊन तपासायचं नाही. अंगणातल्या झाडाला प्लॅटफॉर्म जमिनीपासून वीतभर वर बांधायचा, थंडीचे सगळे कपडे चढवायचे आणि घड्याळ लावून एक तास लटकायचं. मोबाइल न बघता. दर पंधरा मिनिटांनी एकच गोष्ट बदलायची, एकतर ब्रिज, नाहीतर टेदर, नाहीतर पट्टा. तिन्ही एकदम बदलली तर बरं कशाने वाटलं ते कळत नाही. लांबी जमली की ब्रिजवर त्या जागी रंगीत दोऱ्याची सैल गाठ मारून ठेवायची. मार्कर पेन दोराला लावायचं नाही. ऑगस्टच्या उन्हात लोकरीची टोपी घालून झाडाला टांगलेला माणूस पाहून पलीकडचे गोरे आजोबा गवत कापायचं यंत्र थांबवतात आणि सगळं ठीक आहे ना म्हणून विचारतात. मान हलवून हो म्हणायचं. हात हलवला की झोळी फिरते आणि पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.