तो नकाशा फक्त सहा आठवड्यांचा आहे हो!

"नासाच्या उपग्रहानेच सिद्ध केलं, कार्बन डायऑक्साइड कारखान्यांतून नाही, ॲमेझॉन आणि आफ्रिकेच्या जंगलांतून येतो." हा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर कितव्यांदा तरी आलाय, दरवेळी सोडून दिलं. पण काल नववीतल्या भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवलेला बघितला, वर तो लाल-पिवळा नकाशा चिकटवून. आता बोलायलाच हवं.

नकाशा खरा आहे, मान्य. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा नासाचा ओसीओ-2 उपग्रह जुलै 2014 मध्ये सोडला, त्याच डिसेंबरात नासाने त्याचा पहिला नकाशा दाखवला आणि त्यात ब्राझीलवर, आफ्रिकेच्या दक्षिण भागावर लाल डाग होतेच. पण तारीख बघा ना! 1 ऑक्टोबर ते 11 नोव्हेंबर 2014. सहा आठवडे! तेव्हा तिकडे रान जाळायचा सीझन असतो, आणि आफ्रिकेतला लाल रंग मुख्यतः गवताळ रानं आणि जंगलं जाळल्यामुळे आहे हे नासाने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे जंगल गॅस सोडत नव्हतं, जळत होतं, आणि पेटवणारा बहुतेक वेळा माणूसच. उलट उत्तरेकडची झाडं अख्खा उन्हाळा गॅस शोषून नुकतीच थांबलेली, मग युरोप-अमेरिका तुलनेने फिके दिसणारच की.

आणि रंगांची पट्टी कोणी वाचली का? निळ्यापासून लालपर्यंत सगळा फरक 387 ते 402 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे तेवढे कण. 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा आकडा होता साधारण 315. म्हणजे त्या नकाशातली सगळ्यात निळी जागासुद्धा तेव्हापेक्षा 70 ने वर!

"मौना लोआ ज्वालामुखी आहे म्हणून आकडा जास्त" म्हणे. मग दक्षिण ध्रुवावर तीच वाढ कशी दिसते? तिथे ना ज्वालामुखी, ना कारखाना. जपानचा इबुकी उपग्रह 2009 पासून वरून बघतोय, त्यालाही वर्षाला दोन-अडीच पीपीएमची चढच दिसते.

झाडं आणि समुद्र माणसापेक्षा कितीतरी जास्त गॅस सोडतात, हे मात्र खरंय. पण तेवढा परत घेतातही, वर आपण सोडलेल्यातला निम्माअर्धा तेच गिळतात. उरलेला साठतोय.

भाचीला सांगितलंय, नकाशा काढू नकोस, खाली तारीख लिही आणि शेजारी 1958 पासूनचा आलेख चिकटव. ग्रुपवर फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांनीही पुढच्या वेळी दोन्ही एकत्रच पाठवावेत.