‘कॉम्प्युटर नुसती उदाहरणं तपासतो’ म्हणे!

एक मेसेज बराच फिरतोय: ‘कॉम्प्युटर प्रमेय सिद्ध करतो म्हणजे लाखो उदाहरणं तपासतो, जुळली की खरं म्हणतो. प्रोग्राममध्ये चूक असली तर? आणि उद्या बटण दाबून सिद्धता मिळणार असेल तर तर्कशास्त्र शिकायचं कशाला?’

पहिला मुद्दा साफ चूक. लीन ही कॉम्प्युटरवर सिद्धता लिहून तपासायची प्रणाली शिकायला बसलात की सुरुवातीलाच भेटतं ते हे: कोणत्याही नैसर्गिक संख्येसाठी ० + क = क. यात सिद्ध काय करायचं, असंच वाटतं. पण तिथे बेरजेची व्याख्या दोनच ओळींची आहे: क + ० = क, आणि क + (ख + १) = (क + ख) + १. डावीकडच्या शून्याबद्दल अवाक्षर नाही! म्हणून विगमन लावायचं, म्हणजे आधी शून्यासाठी दाखवायचं, मग एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जायचं. ० + ० = ० हे व्याख्येनेच मिळालं. आता ० + क = क धरा; मग ० + (क + १) = (० + क) + १ = क + १. झालं. एकही उदाहरण न तपासता सगळ्या संख्या आटोपल्या. (मी स्वतः यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.)

प्रोग्राममध्ये चूक असेल ही शंका मात्र रास्त आहे. म्हणूनच अशा प्रणालींत सिद्धता कुणीही, कशीही शोधो, शेवटी प्रत्येक पायरी प्रोग्रामचा एक छोटा गाभा तपासतो. विश्वास ठेवायचा तो फक्त त्याच्यावर. उलट माणसांचं बघा. केप्लरच्या अनुमानाची (सारखे गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचता येतील, याबद्दलचं) गणितज्ञ हेल्स यांची १९९८ची सिद्धता परीक्षकांनी काही वर्षं तपासली आणि ‘९९ टक्के खात्री’ एवढंच सांगितलं. अखेर हेल्स यांनीच सहकाऱ्यांसह ती कॉम्प्युटरला तपासता येईल अशा औपचारिक तर्कात मांडली. ते काम २०१४मध्ये पुरं झालं. एक मात्र खरं, व्याख्याच चुकीची लिहिली तर गाभा ती मुकाट्याने स्वीकारतो.

राहिलं बटण. बीजगणितातल्या रॉबिन्स अनुमानाची सिद्धता १९९६मध्ये खरोखरच प्रोग्रामने शोधली, नाकारत नाही. पण कोणतंही विधान द्या आणि ते सिद्ध होतं की नाही याचा हमखास निकाल घ्या, अशी रीत असूच शकत नाही, हे चर्च आणि ट्युरिंग या तर्कशास्त्रज्ञांनी १९३६मध्येच दाखवलंय. गणितज्ञ पीटर शोल्झ यांनी डिसेंबर २०२०मध्ये आपलं एक प्रमेय लीनमध्ये तपासून द्या म्हणून आव्हान दिलं, ते जुलै २०२२मध्ये पुरं झालं. मधलं दीड वर्ष माणसं एकेक लेमा (मोठ्या सिद्धतेसाठी लागणारं छोटं विधान) हाताने लिहीत होती.