भोपळ्याच्या बीसारखी पिशवी आणि साडीची भोकं

ताई, तुमचे आक्षेप दोन. भिंतीवर पिशवी ओढत फिरणाऱ्या अळीला आधीच्या लेखात 'निरुपद्रवी' म्हटलं, पण तिने तुमची कुणबी साडी खाल्ली. आणि डांबराच्या गोळ्यांचं नावही घेतलं नाही.

'निरुपद्रवी' हा शब्द चुकलाच. लोकर, केस, पिसं ही अळी खाते, म्हणजे शालीला धोका आहे. पण कुणबी साडी सुती, आणि सूत तिचं खाणं नव्हे. साडीला खळ होती का? मग भोकं बहुधा कसर या किडीची: चंदेरी, शेपटीला तीन केस असलेली. तिला खळीतला स्टार्च लागतो. घडी उघडून बघा, कडा कुरतडल्यासारख्या वेड्यावाकड्या असतील.

पिशवीवाल्या अळीचं मुख्य अन्न म्हणजे कोळ्यांची जळमटं आणि मेलेले किडे. या अळीचा पुढे पतंग होतो; त्याचं नाव फेरिओइका, कुळ टिनिडी. रेशमाने विणलेल्या पिशवीवर ती वाळूचे कण, धागे, रंगाचे पोपडे चिकटवते. म्हणून तांबड्या जांभ्या चिऱ्याच्या घरात पिशवी तांबूस दिसू शकते. लांबी ८ ते १४ मिलिमीटर. दोन्ही टोकं उघडी, मध्ये रुंद, त्यामुळे अळी आतच वळते आणि हव्या त्या टोकातून डोकं काढते. कोषात जाताना ती पिशवी भिंतीला घट्ट चिकटवते. एका टोकाला कोषाची फिकी साल अर्धी बाहेर लोंबत असेल, तर पतंग उडून गेलाय.

आता गोळ्या. नॅप्थलीनची वाफ बंद पेटीत साठली तरच काम करते. कपाटामागे, उघड्या भिंतीलगत ठेवलेली गोळी वास तेवढा देते, आणि लहान मुलांच्या हाती लागली तर धोकादायक.

त्यापेक्षा जळमटं काढा. कपाटामागची, पलंगाखालची, वाशांमधली, दर आठ-दहा दिवसांनी, आणि हे सलग तीन महिने. एकदाच झाडून भागत नाही, कारण फटींत घातलेली अंडी दहाएक दिवस तशीच राहतात आणि अंड्यापासून पतंगापर्यंत अडीच महिने जातात. झाडूने पिशवी कोपऱ्यात ढकलली की आतली अळी जिवंतच राहते, पुन्हा चढते; गोळा करून साबणाच्या पाण्यात टाका. पावसाळ्यात भिंती दमट असतात तेव्हा ती जास्त दिसते, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागे वारा खेळू द्या.

शाल मात्र पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. आणि साडी ठेवण्याआधी खळ धुऊन काढा.