डिस्क विकायचीच आहे तर पहिल्या दिवसापासून तशी खेळा

जुन्या गेमला नागपूरच्या बर्डीत किंवा ओएलएक्सवर मिळणारा भाव ऐकून "बस, एवढेच?" म्हणणाऱ्यांची डिस्क बहुतेक वेळा अर्धवट खेळून सहा महिने कपाटात पडलेली असते. माझं मत सरळ आहे: नवी डिस्क भाड्याने आणल्यासारखी वापरायची. घेतलेली किंमत वजा विकलेली किंमत, हे तिचं भाडं. समजा पीएस५ (प्लेस्टेशन ५) कन्सोलचा गेम ४,९९९ला घेतला, दीड महिन्यात ३,५००ला विकला आणि ५० तास खेळलात, तर तासाला ३० रुपये पडले. तोच गेम वर्षभर ठेवून १,८००ला काढला आणि खेळलात १५ तास, तर तासाला दोनशेच्या वर. एवढ्यात बाहेर टर्फवर खेळून झालं असतं.

आधी विकता येईल असंच घ्या. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये डिस्क जायला जागाच नाही, आणि पीएस५ डिजिटलमध्येही मुळात नाही, फक्त नव्या मॉडेलना ड्राइव्ह वेगळा जोडता येतो. स्टीमवरचा गेम खात्याला चिकटतो, तिथे फार तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परतावा मिळतो. निन्टेन्डो स्विच २च्या काही कार्डांमध्ये गेम नसतोच, नुसती किल्ली असते. ते कार्ड विकता येतं, पण गेम डाउनलोड करावा लागतो हे घेणाऱ्याला आधी सांगा. खोक्यात नुसता कोड छापलेला कागद असेल तर त्याची पुनर्विक्री शून्य.

डिलक्स एडिशनच्या फंदात पडू नका. जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजता ते पोशाख, हत्यारं, सीझन पास सगळं बहुधा कोडवर येतं. कोड टाकला की ते तुमच्या खात्यात गेलं, आणि घेणारा साध्या डिस्कचाच भाव देणार. साध्या खोक्यातही प्री-ऑर्डरचा कोड असेल आणि त्यात एखादा पोशाखच असेल, तर तो न वापरता ठेवा. "कोड शिल्लक आहे" या वाक्याने घासाघीस कमी होते. वैधतेची तारीख मात्र पाहून घ्या.

आता खेळायचं कसं. सुरू करायच्या आधी ट्रॉफींची, म्हणजे ठरावीक कामगिरीसाठी गेम देतो त्या बक्षिसांची यादी एकदा चाळा, कथा न फोडणारी. त्यात दोनच गोष्टी शोधायच्या: एकदा हुकली की परत न मिळणारी ट्रॉफी कोणती, आणि सगळ्यात अवघड पातळीवर खेळणं सक्तीचं आहे का. हे न बघता ४० तास घालवले की शेवटी एका संवादापायी सगळं पुन्हा खेळायची पाळी येते. मग खेळणारा पोट्टा कंटाळतो आणि डिस्क पुन्हा कपाटात.

एकाहून जास्त शेवट असतील तर सेव्हची, म्हणजे साठवलेल्या प्रगतीची युक्ती कामाची. एल्डन रिंगचंच घ्या. प्लॅटिनमसाठी (बाकी सगळ्या ट्रॉफी झाल्यावर मिळणारी ट्रॉफी) तीन शेवटांच्या ट्रॉफी लागतात, म्हणजे सरळ मार्गाने तीन फेऱ्या. त्याऐवजी कोणता शेवट हे निवडायच्या आधी मेनूतून गेम बंद करा आणि सेव्ह पीएस प्लस या सशुल्क सदस्यत्वाच्या क्लाउडवर चढवा. पहिला शेवट बघा, सेव्ह परत उतरवा, दुसरा बघा. शेवटांच्या अटी मात्र आधी पूर्ण झालेल्या हव्यात, फक्त फ्रेन्झीड फ्लेमचा शेवट सगळ्यात शेवटी ठेवा, कारण ती ज्वाला घेतली की बाकीचे शेवट बंद होतात. लोकांचं बिनसतं ते आपोआप सिंक चालू राहिल्यामुळे. शेवट झाला की कन्सोल नवा सेव्ह जुन्यावर चढवतो आणि मेहनत पाण्यात. म्हणून सेटिंगमध्ये त्या गेमचं ऑटो-सिंक आधी बंद करा. पीएस५ गेमचे सेव्ह पेन ड्राइव्हवर जात नाहीत, पीएस४ गेमचे जातात.

विकल्यावर सेव्ह पुसू नका. ते कन्सोलमध्ये असतात, डिस्कमध्ये नाही. स्विचचंही तसंच. पुढे दुसऱ्याची डिस्क मिळाली तर खेळ तिथूनच सुरू होतो.

विकायची वेळ हा खरा कळीचा मुद्दा. फुटबॉलचा वार्षिक गेम असेल तर जुलैतच काढा. नवा भाग सप्टेंबरच्या आसपास येतो आणि जुन्याला कोणी विचारत नाही. कथेच्या गेमला दोन धोके: सेल आणि पीएस प्लसची यादी. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक नोव्हेंबर २०२२मध्ये आला आणि जानेवारी २०२५मध्ये पीएस प्लस एक्स्ट्रात गेला. सदस्यत्वात मिळणारा गेम डिस्कवर कोण कशाला घेईल? उलट बाजूही आहे. त्याच गेमचा न्यू गेम प्लस (मिळवलेली ताकद घेऊन पुन्हा सुरुवातीपासून खेळणं) एप्रिल २०२३मध्ये आणि वल्हाला हा भाग डिसेंबर २०२३मध्ये फुकट आला. लगेच विकणाऱ्यांचं ते हुकलं. तरी माझं मत विकण्याच्याच बाजूने, कारण वर्षभर थांबून जे फुकट मिळतं त्याहून जास्त भाव पडतो. आणि आपल्याकडे जूनअखेर शाळा उघडायच्या आठवड्यात विकायला काढू नका, तेव्हा अख्खं नागपूर विकायला बसलेलं असतं.

ओरखड्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. डीव्हीडीत माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेमध्ये फक्त ०.१. म्हणून टूथपेस्ट चोळणं किंवा पॉलिश करून घेणं इथे चालत नाही, वरचं कडक आवरणच निघून जातं. मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. डिस्क काढताना मधली कळ दाबा. कडेला धरून ओढली की मधल्या भोकाभोवती बारीक तडा जातो, आणि जाणकार घेणारा तोच आधी बघतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस गाठतो तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वाकते. कूलरच्या थेट झोतातही नको.

फोटो ट्यूबलाइटखाली डिस्क तिरकी धरून काढा, मागची बाजू दाखवा. ओएलएक्सवर पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करा किंवा पिन टाका म्हणणारा भेटला तर बोलणंच थांबवा. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. भेट दिवसाउजेडी, गर्दीच्या ठिकाणी, आणि घेणाऱ्याच्या घरीच असाल तर गेम सुरू करून दाखवा. कुरिअरने पाठवायची असेल तर खोक्यात डिस्कवर टिश्यूची घडी ठेवून मगच झाकण लावा. नाहीतर हादऱ्याने डिस्क कळीतून सुटते आणि वाटभर खुळखुळत, ओरखडे घेत जाते.