खुलासा : ‘मेआ कल्पा’ संस्कृत नाही

गेल्या आठवड्यापासून आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतोय. इंग्रजीत चूक कबूल करताना वापरतात तो ‘मेआ कल्पा’ हा शब्दप्रयोग म्हणे संस्कृत ‘मम कल्प’वरून गेला. गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका पोट्ट्याच्या वहीत हेच लाल शाईनं अधोरेखित केलेलं पाहिलं, म्हणून लिहितोय.

हा शब्दप्रयोग लॅटिन आहे. ‘मेआ’ म्हणजे माझी, ‘कुल्पा’ म्हणजे चूक, दोष. इंग्रजी उच्चारात ‘कुल्पा’चं ‘कल्पा’ होतं आणि तिथंच घोळ झाला. संस्कृत ‘कल्प’ ‘कॢप्’ धातूपासून येतो. त्या धातूचा अर्थ जुळणं, योग्य असणं. दोषाशी त्याचा काही संबंध नाही. ‘मेआ’ आणि आपलं ‘मम’ दूरचे नातलग आहेत हे खरं, पण नातं म्हणजे उसनवारी नव्हे.

कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या पापकबुलीच्या प्रार्थनेत हे शब्द तीनदा येतात, तिसऱ्यांदा ‘मेआ माक्सिमा कुल्पा’, म्हणजे माझीच सर्वांत मोठी चूक. म्हणताना छातीवर हात मारतात. आपल्या परीक्षेत येणारा ‘सदोष मनुष्यवध’ घ्या. त्याच्या इंग्रजी नावातलं ‘कल्पेबल’ याच ‘कुल्पा’तून आलंय.

संदेशात ‘मेआ कल्पा’चा अर्थ ‘माफ करा’ असाही दिलाय. तोही नेमका नाही. यात माफी मागितलेली नसते, दोष स्वतःकडे घेतलेला असतो. आपल्या वऱ्हाडीत अगदी तंतोतंत आहे: ‘माहं चुकलं.’